गाडी आता शांत चालते

मी एक जुनी मोटार आहे मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर थकले आहे. अड्याळ गावी माझे मालक मंगरूभाऊ यांच्या घराला लागून टिनाचं शेड आहे, तिथं माझा मुक्काम. वय विचारू नका. पन्नाशीला टेकले, एवढं पुरे.

माझ्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, बिडाचं, ओतीव लोखंडाचं. त्यातच व्हॉल्व्ह बसायच्या जागा कोरलेल्या. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाची दारं, मिनिटाला हजार-दीड हजार वेळा उघडायची आणि आदळून बंद व्हायची. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. त्याचा पातळ थर दारांच्या चौकटीवर बसायचा, म्हणून आदळणं सोसवायचं. पुढे कळलं, की हेच शिसं धुरातून तुमच्यासारख्या लेकरांच्या रक्तात जातं. मग बिनशिशाचं पेट्रोल आलं. बरंच झालं, बाबांनो. माझ्या सोयीसाठी कुणी विष हुंगावं, एवढी मी वाईट नाही. पण तेव्हापासून माझी दारं उघड्या बिडावर आदळतात, हेही तितकंच खरं.

मंगरूभाऊंनी मला भाड्यानं चालवायला घेतलं होतं. किती नवरदेव नेले, त्याची गणतीच नाही. लाखांदूरच्या एका वरातीत मागच्या सीटवर सहा जण कोंबले होते आणि डिक्कीत बँडवाल्याचा ढोल. तेव्हा लोक माझ्या बॉनेटवरून हात फिरवत. मग नव्या गाड्या आल्या, मी शेडमध्ये गेले. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बायजाबाईंच्या, म्हणजे मंगरूभाऊंच्या बायकोच्या, किडन्या निकामी झाल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी भंडाऱ्याला डायलिसिस, सकाळी आठला. एसटीत उभं राहणं त्यांना जमेना. मग काय, कोंबड्या हाकलल्या आणि मला म्हातारीला पुन्हा जुंपलं.

बायजाबाई बोलून मोकळ्या होणाऱ्या. ऊन लागलं तरी बोलणार, धूळ आली तरी बोलणार. माझ्या टॅपेटच्या आवाजावर तर त्यांचा दातच होता.

"काय टकटक लावून राहिली जी तुमची गाडी. माहं डोकं उठते."

रस्ता नवा झाला होता. वेळ गाठायची म्हणून मंगरूभाऊ मला सत्तरनं दामटायचे. हळूहळू ती टकटक कमी झाली आणि एक दिवस थांबलीच. मंगरूभाऊ किती खूश झाले!

"पाय बायजा, गाडी आता शांत चालते. नवं पेट्रोल मानवलं तिले."

कसलं मानवलं, डोंबल. व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटमध्ये बारीक फट असते, टकटक तिचीच. माझे व्हॉल्व्ह बीड खात खात आत रुतत गेले आणि ती फट बुजली. आता दार पुरतं मिटेना, जळता धूर तिथूनच निसटायचा, व्हॉल्व्ह भाजून निघायचे. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण ओरडायला माझ्याकडे तेवढा एकच आवाज होता आणि तोच बंद झाला होता.

एका शुक्रवारी पहेला गावाच्या अलीकडे मी धापा टाकू लागले आणि चढत्या उन्हात बसले ती बसलेच. दोन तास बायजाबाई रस्त्याच्या कडेला बसून होत्या. ऑटोनं दवाखान्यात पोचल्या, तोवर त्यांचं मशीन दुसऱ्याला लागलं होतं. संध्याकाळी नंबर लागला, तेव्हा त्यांना धड श्वासही घेता येत नव्हता. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्या रात्री घरी, हेही मला मागाहून कळलं, त्या एवढंच म्हणाल्या, "आता मले नाही जायचं." आणि गप्प झाल्या.

मला ओढत भंडाऱ्याला श्यामराव मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी हेड खोललं आणि रुतलेले व्हॉल्व्ह मंगरूभाऊंना दाखवले.

"मंगरूभाऊ, टॅपेटचा आवाज बंद झाला तवाच आणाले पायजे होती. जुनी गाडी चूप झाली, म्हंजे दुखणं आत गेलं."

"मले वाटलं, सुधरली."

मंगरूभाऊ टायरवर बसले. मग हळूच म्हणाले, "घरचीही तीन दिसांपासून चूप हाये. मले वाटलं, आराम करून राहिली."

श्यामरावांनी हातातला पाना खाली ठेवला. "मंग इथं काहून बसले? जा ना."

त्यांनी माझ्या हेडमध्ये दारांच्या चौकटींना कडक पोलादाच्या कड्या ठोकल्या, नवे व्हॉल्व्ह घातले, टॅपेटची फट मोजून ठेवली. सोमवारी संध्याकाळी मी घरी आले, तेव्हा कळलं, की मंगरूभाऊंनी समजावून, रागावूनही बाई यायला तयार नव्हत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, की मंगळवार चुकला तर पुढचं सांगता येणार नाही.

मंगळवारी सकाळी मंगरूभाऊंनी मला दारात चालू करून ठेवलं आणि आत जाऊन बाजेजवळ बसले. समजावलं नाही, रागावले नाहीत.

"काय काय दुखते, ते सांग. मी आयकतो."

बाज करकरली. मग बायजाबाई बोलू लागल्या. सुईचं सांगितलं, मोजून पाणी प्यावं लागतं त्याचं सांगितलं, आपल्यापायी माणसाची ओढाताण होते तेही सांगितलं. मंगरूभाऊ मध्ये बोलले नाहीत. मी बाहेर पेट्रोल जाळत उभी होते, आणि मला कसलीच घाई नव्हती.

शेवटी त्या भिंतीला धरत बाहेर आल्या.

"मांगं नाही बसत आता. मांगं धक्के लागतात. दोन वर्षं झाले, सांगितलं नाही तुमाले."

मंगरूभाऊंनी पुढचं दार उघडलं. आठला दहा मिनिटं कमी असताना आम्ही दवाखान्यात होतो.

मित्रांनो, माझ्या नव्या कड्या किती वर्षं टिकतील, मला माहीत नाही. थकवा तर जातच नाही. पण एक मागते. रोज कुरकुरणारं कुणी अचानक गप्प झालं, तर सुटलो म्हणू नका, जवळ जाऊन विचारा.

आज शुक्रवार आहे. घरातून बाईंचं बोलणं ऐकू येतंय, आणि मंगरूभाऊ सावकाश ऐकून घेताहेत.