संगमेश्वरअप्पांचा पहारा

शिवनामाचा सप्ताह बसला की वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही, हा मुखेडकडच्या गावांचा जुना दंडक. एकजण वीणा गळ्यात घालून उभा राहतो, नाम घेत तार छेडत राहतो. त्याचा पहारा संपला की दुसरा येतो. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. त्या वेळी बोलायचं नाही, कोण आलं ते विचारायचं नाही. तोंडात फक्त नाम. पुढं उभे राहणारे महाराज किती का गोड गळ्याचे असेनात, मागं असा कुणीतरी न हलता उभा असतो, म्हणून कीर्तनाला रंग चढतो.

संगमेश्वरअप्पा या उभं राहण्यात नामी माणूस. बाकीच्यांचे पाय भरून यायचे, डोळे घड्याळाकडं जायचे. अप्पांना मात्र खांद्याला हात लावून सांगावं लागायचं की बाबा, तुझी वेळ झाली. तार छेडायची त्यांची एक ढब होती. दोनदा छेडायची, श्वासभर थांबायचं, मग एकदा. त्यांची बायको रत्नम्मा चुलीपुढं भाकरी थापताना त्या आवाजावरनं ओळखायची की देवळात आता आमचे मालक उभे आहेत.

शेवटच्या सप्ताहाला त्यांनी देवापुढं सांगून टाकलं होतं, की यंदा गळ्यात घेतलेली वीणा मी गंगेच्या उगमाशी उतरवीन आणि मग गुडघ्यांना सुट्टी देईन. लोक हसले. कुठं गंगोत्री नि कुठं आपलं गाव. पुढं त्याच सप्ताहात एका दुपारी, पहारा संपायच्या सुमाराला, अप्पा खांबाला टेकलेले दिसले. बसवराज पुढच्या पहाऱ्याला आला, रीतीप्रमाणं पाया पडायला वाकला, आणि हाताला पाय गार लागले.

मग एकच धावाधाव. कुणी पाणी आणायला पळालं, कुणी जीप बघायला. त्या गोंधळात कुणीतरी अप्पांच्या गळ्यातली वीणा काढली आणि खुंटीला अडकवली. कुणी अडकवली ते आजवर कुणाला सांगता आलं नाही. पाया कुणी पडलं नाही, गळ्यात कुणी घेतली नाही. नाम तिथंच तुटलं.

लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. अप्पांनाही बसवलं, पण गुडघे वाकायला तयार नव्हते. चार माणसांनी जोर लावला तेव्हा कुठं जमलं. बायकांत त्यावर कुजबुज झाली. रत्नम्मानं ती ऐकली आणि गिळली.

त्यानंतर घरात सुरू झालं. मधल्या दाराशी शहाबादी फरशी आहे. पुसली की सगळी फरशी वाळायची, दाराजवळ दोन पावलांएवढी जागा तेवढी ओली राहायची. मांजर त्या जागेला वळसा घालून जायचं. दिवेलागणीला ओल्या भस्माचा वास यायचा आणि भिंतीतून यावा तसा तारेचा आवाज: दोनदा, मग एकदा. पहिल्यांदा रत्नम्मा भ्याली. मग एक दिवस ताट वाढून तिनं दाराकडं बघत म्हटलं, की आता बसा तरी. आवाज थांबला नाही, आणि तिला उमगलं, त्यांना बसता येत नाही.

मठातल्या महाराजांना तिनं जाऊन सांगितलं. थोरलं वय, दोन तास उभं राहून कीर्तन करणारा माणूस.

"त्यांच्याकडून घेतली कुणी?" ते म्हणाले. "घेतल्याबिगर माणूस बसंल कसा?"

बसवराज तेव्हापासून दर सोमवारी घरी येऊन त्या दाराशी हात पसरून उभा राहू लागला. काही झालं नाही. मग त्यालाच आठवलं, अप्पांनी उतरवायची जागा सांगून ठेवली होती.

म्हणून पावसाळा सरता सरता ही चौघं निघाली. बसवराज, त्याचा मावसभाऊ पंचाक्षरी, शेजारची गुणाबाई आणि रत्नम्मा. नांदेडला उतरून आधी विष्णुपुरीला गेली. धरणाच्या खालच्या अंगाला गोदावरीचं पाणी कॅनमध्ये भरून घेतलं. आपल्याकडं गोदेलाच गंगा म्हणतात. एका गंगेचं पाणी दुसऱ्या गंगेला घालायला न्यायचं. देवळातल्या खुंटीवरची तीच वीणा पंचाक्षरीच्या गळ्यात होती. रेल्वेत लोक वळून बघायचे, टीसीनं हात जोडले. झोपायच्या वेळीही ती कुणाच्या तरी छातीवर असे. गुणाबाईचं तोंड सारखं चालू. हरिद्वारला तिनं पुरी चाखून बघितली आणि या लोकांना तेल तापवायचं माहीत नाही असा निकाल दिला. उत्तरकाशीच्या पुढं वळणावळणाच्या घाटात ती गप्प झाली, तेव्हा पंचाक्षरी म्हणाला की देवानं एवढ्यासाठीच डोंगर केले असतील.

रत्नम्मा हसली. पण तिच्या मनात काय होतं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. घर सोडताना तिनं मधली फरशी पुसली होती आणि ओल्या पावलांजवळ बसून राहिली होती. पोरगी नांदायला गेलेली, घरात दुसरं माणूस नाही. त्या ओल्या जागेशी ती आता बोलायची, भाजीत मीठ जास्त पडलं तर तेही सांगायची. अप्पा सुटले तर ती जागाही वाळणार होती.

गंगोत्रीला गोदेचं पाणी वाहिलं, अंगावर घेतलेल्या भागीरथीनं हाडं कळवळली. दुसऱ्या दिवशी परवाना दाखवून चौघं उगमाच्या, गोमुखाच्या वाटेला लागली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली खोल नदी, इतकी गर्जत की शेजारच्या माणसाला ओरडून सांगावं. गुणाबाई म्हणाली, ही गंगामाय लई तापट आहे, आपली बरी, घरच्यावानी वाहते. वीणा बसवराजच्या गळ्यात होती. हवा विरळ, दर थोड्या अंतरावर थांबावं लागत होतं.

दुपारी खालून धुकं आलं. आधी नदी गेली, मग वाट, मग पुढचं माणूस. बसवराज थोडा पुढं होता. छातीत भाता चालल्यासारखं होत होतं. पंचाक्षरीनं आता वीणा घ्यावी, असं त्याच्या मनात आलंच होतं, तेवढ्यात समोर कुणी येऊन उभं राहिलं. हात पुढं केलेले. बसवराज वाकला, पाया पडला, समोरच्यानंही वाकून त्याच्या पायांना हात लावला. वीणा गळ्यातून गेली. तोंडात नाम होतं, विचारायची रीत नव्हती. हलका होऊन तो दगडावर टेकला.

थोड्या वेळानं मागून तिघं आली. पंचाक्षरीच्या खांद्याला शिदोरीची पिशवी होती आणि हात रिकामे होते.

"वीणा कुठाय?" पंचाक्षरीनं विचारलं.

बसवराजनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग स्वतःच्या हातांकडं. बोटं गार पडली होती आणि त्यांना ओलं भस्म लागलं होतं.

पुढच्या धुक्यातून तार वाजली. दोनदा. श्वासभर काही नाही. मग एकदा. नदीच्या एवढ्या गर्जनेतूनही ती कानाशी वाजल्यासारखी आली. गुणाबाईनं पदर तोंडाशी धरला. पंचाक्षरी कड्याला पाठ लावून खाली बसला.

जायचं बसवराजनं होतं. अप्पा गेले त्या दिवशीचा पुढचा पहारा त्याचाच होता. तो उठला, दोन पावलं गेला, आणि परत दगडावर टेकला.

"वैनी, माझ्यानं न्हाई व्हायचं," तो म्हणाला. "मी त्यांना देऊन बसलो. घ्यायला जायचं बळ न्हाई."

रत्नम्मानं गुणाबाईच्या हातातली काठीही घेतली नाही. ती आवाजाच्या दिशेनं चालू लागली. मागून गुणाबाई म्हणत होती की बाई, वाट दिसंना, खाली दरी आहे. तिला ते ऐकू आलं आणि आलं नाही.

वळणावर धुकं जरा पातळ होतं. तिथं ते उभे होते, पाठमोरे. धोतर, खांद्यावर उपरणं, मानेवर पट्टा. उजवा गुडघा त्यांना दुखायचा, तसा किंचित सैल सोडलेला. त्यांच्या पायाखालचा दगड ओला होता. सगळेच दगड ओले होते, पण तो जरा जास्त.

रत्नम्मा थांबली. नुसतं परत फिरलं तरी चालणार होतं. ते घरी येतील, दाराशी उभे राहतील, दिवेलागणीला तार वाजेल. तिला कुणी विचारणार नव्हतं. वीणा दरीत गेली असं सांगितलं असतं तर लोकांनी दोन दिवस हळहळ केली असती आणि दुसरी आणली असती.

त्यांनी दुखऱ्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. हळूच, कुणाला दिसू नये असा. उभं राहण्यात एवढ्या नामी माणसाला तिनं असं करताना आयुष्यात पाहिलं नव्हतं.

ती पुढं झाली आणि हात पसरले. तिच्या तोंडात नाम होतं. ते वळले. चेहऱ्याकडं तिनं बघितलं नाही; बघितलं असतं तर घेणं जमलं नसतं. ती वाकली. बोटांना पाय लागले, गार, भेगाळलेले, टाचेवरच्या जखमेच्या वणासकट ओळखीचे. आणि मग, अजून ती वाकलेलीच होती, तेव्हा तिच्या पायांवर कुणाची तरी बोटं टेकली. बर्फाच्या पाण्यातून काढल्यासारखी. क्षणभरच, पण पुरती टेकली.

ती उठली तेव्हा पट्टा तिच्या मानेवर होता. वीणेचं ओझं छातीशी आलं, आणि भोपळा उबदार होता, कुणीतरी बराच वेळ अंगाशी धरल्यासारखा. समोर धुकं, दगड, वाट. दगडाशी कुणी टेकून बसलं असावं तशी गवताची काडी दबलेली होती. ती काडी बघता बघता उभी राहिली.

तार गप्प झाली होती. रत्नम्माला आधी वाटलं नदी थांबली, इतकी ती शांतता मोठी होती. मग तिच्या ध्यानात आलं की वाजवायची तिनंच आहे.

मागून बसवराज धडपडत आला. तिच्या गळ्यात वीणा बघून त्यानं आभाळाकडं हात जोडले, डोळे पुसले आणि दोन्ही हात पुढं केले. घेणारा आला की द्यायची, ही रीत. रत्नम्मानं मान हलवली. नाम सुरू असल्यानं तोंडानं काही म्हटलं नाही, पण हात वीणेवरून काढले नाहीत. बसवराजनं हात मागं घेतले. तो बाजूला झाला आणि तिला पुढं जायला वाट दिली.

तिनं बोट लावलं. तार खरखरली, मग बेसूर वाजली. आयुष्यभर दुरून ऐकलेली गोष्ट हाताला काही येत नव्हती.

"सूर लागंना गं," मागून गुणाबाई म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता, पण गप्प बसवेल तर ती गुणाबाई कसली.

उगमाच्या बाजूनं गार वारा आला. वीणा जिथं उतरवायची ती बर्फाची जीभ अजून बरीच पुढं होती. रत्नम्मानं नाम एका श्वासापुरतं थांबवलं.

"लागंल," ती म्हणाली, आणि चालू लागली.