भिंग सरांच्या वर्गातला एक डोळा

मी कॅमेरा बोलतोय. लिंबाएवढा आहे. सातवीच्या वर्गात फळ्यासमोरच्या कपाटावर माझं बूड टेकलेलं आहे. कॅमेरा कधी खोटं बोलत नाही, असं लोक छातीठोकपणे सांगतात. ज्याला मुळात बोलताच येत नाही, तो खोटं तरी कधी बोलणार? आज तोंड उघडायला मिळालंय, तर थोडं तिखटमीठ लावीनच. तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एक बाई प्रत्येक कॅमेऱ्यासमोर आपला अंगठा धरून त्याची नजर तपासायच्या. म्हणजे या जगानं मला सगळ्यांत आधी दाखवला तो अंगठाच. पुढे काय वाढून ठेवलंय, ते मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला शाळेत आणलं ते एका मुलीपायी. तिला सगळे टिटवी म्हणत, कारण वर्गात तिचं तोंड म्हणून मिटत नसे. ती जिन्यावरून पडली आणि कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये गेली. ती मावशीकडे राहायची. मावशी घरीच कपडे शिवायची, खोली एकच, त्यात शिलाई मशीन आणि पोरीची खाट. मोठ्या बाईंनी तोडगा काढला: टिटवीनं मोबाइलवरून घरबसल्या वर्ग करावा. सत्र संपताना वर्गशिक्षकांनी ‘ही शिकतेय’ असं सांगितलं तर वर्ष वाचलं. नाही सांगितलं तर पुन्हा सातवी, खालच्या वर्गातल्या पोरांबरोबर.

आता हे वर्गशिक्षक म्हणजे गणिताचे भिंग सर. हे नाव पोरांनी ठेवलेलं. माणूस शिकवायला एक नंबर, पण संशय असा की आरशात बघतानासुद्धा समोरच्याला ‘आपण कोण?’ विचारल्याशिवाय भांग पाडत नसत. स्वतःची सावली पुढे पडली तर थांबून तिला आधी जाऊ देत. पाठीमागे नको, कोण जाणे काय करील.

नणंदेनं पाठवलेल्या निरोप्याकडे बघावं, तसं त्यांनी मला पहिल्या दिवशी न्याहाळलं. हा पोरीसाठी नाही, माझ्यावर पाळत ठेवायला आणलाय, असं ते शेजारच्या वर्गाच्या बाईंना म्हणाले. मग कोणी बघत नाही असं पाहून त्यांनी माझी मान हळूच पिरगाळली. त्यांचं टेबल माझ्या नजरेतून गेलं. टेबलाबरोबर अर्धा फळाही गेला. मला उरला डावीकडचा फळा, त्याच्या पलीकडची भिंत आणि खुंटीवरची सरांची छत्री.

तास सुरू झाला आणि सरांच्या टेबलावरच्या, माझी तार जोडलेल्या संगणकातून मावशीच्या मशीनची खडखड वर्गात घुसली. पडद्यावरचं मला त्या तारेतून कळायचं, बाकीचं पोरांच्या तोंडून. पोरं फिदीफिदी हसली. सरांनी एक बटण दाबलं. खडखड बंद. या संगणकाला कोणी हात लावायचा नाही, अशी तंबी देऊन ते फळ्याकडे वळले. ‘समजलं असेल तर मान हलवा,’ असं ते अधूनमधून म्हणत. पडद्यावर टिटवी मान हलवायची.

सरांची एक खोड होती. रोज फळ्यावर ते मुद्दाम एक चूक करत. ती पकडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फळा पुसायचा मान. पाय मोडायच्या आधी हा मान बहुतेक वेळा टिटवीकडेच जायचा. आता सर चूक करत, वर्गातलं कुणीतरी ओरडे, आणि पडद्यावरची टिटवी आपली मान हलवतेय, हलवतेय.

सरांच्या डोक्यात किडा वळवळला. जी पोरगी समोर बसून एक अक्षर सुखासुखी पटवून घेत नव्हती, ती घरी गेल्यावर एवढी गरीब गाय कशी झाली? नक्की मान हलवतानाचा एक तुकडा चित्रित करून ठेवलाय, तोच फिरतोय. स्वतः बसली असेल पिक्चर बघत. नाहीतर मावशी सामील असेल. सत्र संपत आलं होतं. मोठ्या बाईंना उत्तर द्यायच्या आधी या चोरीचा छडा लावायचाच, असं त्यांनी ठरवलं.

एका दुपारी त्यांनी फळ्यावर गणितं लिहिली, वर्गाला सोडवायला सांगितली आणि संगणक तसाच चालू ठेवून ते बाहेर पडले. टिटवीचं घर हाकेच्या अंतरावर. थोड्या वेळानं पाहतो तर काय, पडद्यावर टिटवीच्या खाटेमागचं दार उघडलं आणि आत भिंग सर!

सगळा वर्ग पडद्याकडे धावला. सरांनी आधी मोबाइल हिसकावून घेतला. तुकडाबिकडा काही नव्हता, पोरगी जिवंत आणि समोर होती. मग त्यांची नजर मोबाइलमधल्या आपल्याच वर्गावर पडली. अर्धा फळा, भिंत, छत्री. शिवाय बाकं सोडून गोंधळ घालणारी पोरं, त्यांचे नुसते आवाज.

ते ओरडले असावेत. असावेत म्हणतो, कारण आम्हाला फक्त तोंड दिसलं. उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. बोट नाचलं. वर्गात ऐकू आलं शून्य. भांड्यातला मासा जसा काचेला तोंड लावून काहीतरी सांगत असतो, तसे सर मोबाइलला तोंड लावून सांगत होते आणि पोरं पोट धरून हसत होती.

आपला आवाज तिकडे पोचतच नाही, हे हळूहळू सरांच्या ध्यानात आलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. बोट खाली आलं. त्यांनी खाटेकडे पाहिलं.

तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीनं तंबी धाब्यावर बसवून ते बटण दाबलं. मशीनची खडखड भसकन आत आली, आणि तिच्यातून सरांचा आवाज, कधी न ऐकलेला, खालच्या पट्टीतला.

“हे असंच दिसतं तुला? आणि तू बोललेलं तिकडे ऐकूच जात नाही?”

“पहिल्या दिवसापासून, सर. ओरडून ओरडून घसा बसला.”

“मग मान का हलवायचीस, बाळ?”

“नाही हलवली तर नाव कापाल असं वाटलं.”

मशीन थांबलं. मावशी म्हणाली, “सर, मी म्हटलं होतं शाळेत येऊन सांगते. तर ही म्हणाली, ते आधीच संशयी आहेत, तू गेलीस तर म्हणतील मीच पढवून पाठवलं.”

वर्गात कुणी हसलं नाही.

सर मोठ्या बाईंकडे गेले आणि एवढंच म्हणाले की पोरीला नाही, मलाच शिकवायला जमलं नाही, आणखी थोडी मुदत द्या. माझी मान सरळ झाली. संगणक सरांच्या टेबलावरून उठून टिटवीच्या रिकाम्या जागी, तिच्या मैत्रिणीशेजारी बसला. शाळा सुटल्यावर रोज कुणीतरी तिच्याकडे जाऊन वही उघडून बसे. ‘मान हलवा’ हे वाक्य बंद झालं. आता ज्याला समजलं त्यानं ते दुसऱ्याला समजावून सांगायचं, बाकावर असो की खाटेवर.

मुदत संपली. मोठ्या बाई स्वतः परीक्षा घ्यायला आल्या. संशय साथीचा असतो. आता तो त्यांना झाला होता. मावशी मागून उत्तरं सांगत नसेल कशावरून, असं त्यांनी विचारलं. ते मावशीनं ऐकलं. ती पडद्यात डोकावून म्हणाली, “बाई, मला अपूर्णांक येत असते तर गिऱ्हाइकानं आणलेल्या कापडात दर वेळी बाही का कमी पडली असती?”

टिटवीनं पहिलं गणित सोडवलं. दुसरंही. तिसऱ्याला ती अडली. मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण लावलं. सर खिडकीचा गज धरून उभे. पोरगी वहीतून डोकं वर काढून म्हणाली, “हे मला कळलेलं नाही. परत सांगता का?”

सर वळले. “बाई, ही शिकतेय. माझ्याकडून लिहून घ्या.”

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि टोपण काढलं.

टिटवी आता कुबड्या घेऊन आठवीत जाते. मी अजून कपाटावरच आहे. मध्येच कुणी आजारी पडलं की माझी धूळ झटकली जाते. एरवी पाल माझ्यावर बसून किडे टिपते.

तुमच्या वर्गात माझा एखादा भाऊ असेल, तर एक विनंती. संशय घ्यायचाच असेल तर आधी आमच्यावर घ्या. आम्ही तेवढंच दाखवतो, जिकडे तुम्ही आमचं तोंड वळवता. तेव्हा कधीतरी तास चालू ठेवून पलीकडे जा, त्या पोराच्या शेजारी बसा, आणि तिथून स्वतःला बघा.