कुलपातली गोडी

आमच्या बिट्टीला वाचायची गोडी आहे, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं आणि तिथेच घात झाला. तोवर ती पोर सुखात होती. पलंगाखाली पालथी पडून, एका हातात बिस्किट धरून तासन्‌तास वाचायची. आम्हाला वाटायचं, आवाज नाही म्हणजे झोपली असेल. "घरी वाचनाचं वातावरण ठेवा," एवढंच बाई म्हणाल्या. मला तेव्हाच धडकी भरायला हवी होती, कारण शेजारी बिट्टीचे अब्बा मान डोलावत बसले होते.

अब्बांचं चष्म्याचं दुकान आहे. जगाला वाचायचे चष्मे विकतात आणि स्वतः फक्त भिंतीवरच्या तक्त्याची अक्षरं वाचतात. मी औषधांच्या दुकानात काम करते. डॉक्टरांचं अक्षर लावण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण गोळ्यांच्या नावांपलीकडे गेल्या दहा वर्षांत काही वाचल्याचं आठवत नाही. तर अशा या घरात वातावरण तयार करायचं होतं.

"आपल्या धर्मात पहिला हुकूमच वाचनाचा आहे," अब्बांनी जाहीर केलं आणि काचेचं कपाट आणलं. कुलूपवालं. बिट्टीची सगळी पुस्तकं प्लास्टिकची कव्हरं घालून त्यात गेली, आणि किल्ली अब्बांच्या खिशात. मग माझ्या सासूबाई पुढे सरसावल्या, त्या कशा मागे राहतील? पुस्तकाला हात लावण्याआधी हात धुवायचे. पालथं पडायचं नाही, पाय पसरायचे नाहीत, खात खात वाचायचं नाही. अदब म्हणजे अदब! आणि मी तरी काय कमी आहे? पाच ते सहा ही वाचनाची वेळ मीच ठरवली, किती पानं झाली ते लिहायला वहीही दिली. आलेल्या पाहुण्यांना आम्ही आधी कपाट दाखवायचो. "वा, काय संस्कार आहेत!" असं म्हणून पाहुणे मोबाइलमध्ये डोकं घालायचे.

एवढं खतपाणी घातल्यावर व्हायचं तेच झालं. बिट्टी आपणहून किल्ली मागेनाशी झाली. पाचला बसायची, सहाला उठायची. पूर्वी ती स्वयंपाकघरात माझ्या मागे मागे फिरायची, "अम्मी, पुढे काय झालं माहितेय?" मी म्हणायचे, "नंतर सांग." आता ती काही सांगेचना. खोटं कशाला बोलू, आधी मला बरंच वाटलं. मग एक दिवस वही उघडली. आठवडाभर रोज दोन पानं, फक्त दोन. जे पोरीला आपसूक येत होतं, ते आम्ही तिघांनी मिळून, मोठ्या प्रेमाने, मारायला घेतलं होतं.

पुढच्याच सुट्टीच्या दिवशी सासूबाई ओरडल्या, "या अल्लाह! हे काय?" कोपऱ्यात जमिनीवर एक पुस्तक उघडं पडलेलं. शाळेच्या वाचनालयातलं, म्हणून कुलपातून सुटलेलं. "कितीदा सांगितलं, पुस्तक उघडं टाकू नये! उघडं राहिलं की शैतान येऊन वाचतो!"

"माहितेय दादी," बिट्टी शांतपणे म्हणाली. "त्याच्यासाठीच ठेवलंय."

ओरडा ऐकून धावत आलेले अब्बा माझ्याकडे बघायला लागले.

"रोज ठेवते. शाळेत जाताना पान उलटून जाते. आता तो एकेचाळिसाव्या पानावर आहे."

"अगं, पण का?" अब्बांनी विचारलं.

"गोष्टीवर बोलायला कुणीतरी नको का?" बिट्टी म्हणाली. "तुम्ही विचारता कव्हर फाटलं नाही ना, दादी विचारते हात धुतले का, आणि अम्मी म्हणते नंतर. तो निदान वाचतो तरी."

सासूबाईंनी दुपट्टा तोंडाशी धरला आणि त्या दुआ पुटपुटायला लागल्या. "हे बघ बेटा, वाचन म्हणजे..." असं अब्बांनी सुरू केलं, पण पुढे वाचन म्हणजे काय ते त्यांनाही सुचेना. मला हसू येत होतं आणि रडूही. आठ वर्षांची माझी पोर. तिला सोबतीला शैतान परवडला, आम्ही नाही.

मी तिथेच जमिनीवर पालथी पडले आणि पुस्तक ओढलं. बिट्टी भिंतीला टेकून बघत राहिली. मी सवयीप्रमाणे भराभर नजर फिरवली, सात-आठ पानं उलटली आणि म्हणाले, "छान आहे गं."

"काय छान आहे?"

"सगळंच."

"अम्मी, तू वाचलंच नाहीस."

थाप पचली नाही. माझे कान तापले. "नाही वाचलं," मी म्हणाले. "डोक्यात संध्याकाळचा स्वयंपाक होता. चुकलं माझं."

बिट्टीने जरा विचार केला. मग येऊन माझ्या शेजारी पडली, पुस्तक पहिल्या पानावर आणलं आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. "आता वाच. मी बघतेय."

तिचं बोट सरकेल तशी मी मनातल्या मनात वाचायला लागले. एक ओळ झाली, दुसरी झाली, आणि वरून खुर्चीतून सासूबाईंचा आवाज आला.

"मोठ्यानं वाच की गं! तो मेला एकेचाळीस पानं पुढे गेलाय, आणि मला अजून पहिलंही माहीत नाही."