महाराजांच्या त्रिशुळाचं वजन

गुरुवारी सकाळी दहा वाजता आमच्या गावच्या पारासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. धामणगाव बढे, मोताळा, पार नांदुऱ्यापर्यंतची माणसं आलेली. पारावर पितळी पत्र्याने मढवलेला अवजड चौरंग, त्यावर कमरेएवढा लोखंडी त्रिशूळ, आणि मागे गादीवर अढळनाथ महाराज.

"हा त्रिशूळ खऱ्याले फूल, खोट्याले पहाड!" महाराज गरजले. "अमेरिकेचे शास्त्रज्ञ पाहून गेले. म्हणे, महाराज, हे तर क्वांटम आहे! मी म्हटलं, बापू, मी तुमच्या क्वांटमचा बाप आहे!"

टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्याने त्रिशूळ सहज उचलला. त्याच्यामागून आलेल्या पैलवानाच्या मानेच्या शिरा फुगल्या, पण त्रिशूळ तसूभर हलला नाही. पैलवानाने सगळ्यांसमोर कान पकडले.

मी गर्दीत उभा होतो. त्या पितळी पत्र्याखाली काय आहे, हे मला माहीत होतं.

मी इंजिनिअरिंग फिजिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गावात ही पदवी कोणाला सांगून पटत नाही. "म्हणजे जळालेली मोटर भरतं का बे?" असंच विचारतात. दिवाळीच्या सुट्टीत वेल्डिंगवाल्या शालिग्रामने मात्र मला चहा पाजला आणि म्हणाला, "गोकुळ, बटन दाबलं का लोखंड धरून ठेवीन अन् सोडलं का सोडून देईन, असं चुंबक पाह्यजे. भंगार उचलाले. जमते का तुह्या फिजिक्सले?"

मी फुलून गेलो. जळालेल्या मोटरची तांब्याची तार, लोखंडी गाभा, ट्रकची बॅटरी. प्रयोगशाळेची वही उघडून वेढ्यांचा हिशेब केला आणि दोन दिवसांत चुंबक तयार. "वरून पितळी पत्रा राहीन, त्याच्यातून ओढ पोचली पाह्यजे," असं तो म्हणाला, तेव्हा भंगाराला पितळ कशाला, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. कोणीतरी माझ्या शिक्षणाला किंमत दिली होती. मला तेवढं पुरलं.

आता डिसेंबरच्या सुट्टीत त्याचं भंगार माझ्यासमोर उभं होतं.

त्या दिवशी सरपंच शेषरावांनी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गीताबाईंना पुढे आणलं. शाळेतली तूरडाळ कमी भरली होती.

"मी मूठभरबी नेली नाई," त्या म्हणाल्या.

"मंग उचल," महाराज म्हणाले.

त्यांनी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी जोर लावला. त्रिशूळ हलला नाही. गर्दीतून "चोर, चोर" सुरू झालं. त्यांचं काम तिथेच गेलं. मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं, तर चुंबक कोणी बनवलं हेही सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्या घरी आल्या.

"गोकुळ, तू शिकेल आहे म्हणून इचारतो. मी वाकली, तं माह्या पदराची पिन उडून त्याच्या बुडाले चिकटली. मंग आपोआप खाली पडली. असं काऊन व्हते?"

पाच हजारांच्या गर्दीत फक्त या बाईने नीट पाहिलं होतं. आणि मी, ज्याला त्याचं उत्तर पाठ होतं, म्हणालो, "काकू, घाबरल्यावर भास होतो."

"असंन," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मंगळवारी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "गीता दोन दिवसांपासून जेवली नाई. कोणतं पाप केलं ते आठवून राह्यली म्हणे."

मी ताट बाजूला सारलं.

पुढच्या गुरुवारी मी पारावर चढलो. शालिग्रामने माझा दंड धरला, तो मी झटकला.

"हे चुंबक मी बनवलं आहे," मी ओरडलो. आवाज फाटला. सगळा जोर लावून चौरंग आडवा केला. आत तांब्याची तार, गाभा, आणि गादीखाली गेलेली वायर. महाराजांच्या डाव्या टाचेखाली बटन होतं.

"देवाचा कोप होईन!" महाराज किंचाळले.

"आधी टाच उचला," मी म्हटलं. कोणीतरी खो खो हसलं. मी वायर उपटली, चौरंग सरळ केला, त्रिशूळ ठेवला. "गीताकाकू, या."

त्या मागून चालत आल्या आणि एका हाताने त्रिशूळ उचलला. शेषरावांनी मान खाली घातली. गीताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"मी तुह्या घरी आली, तव्हा तुले हे माहीत व्हतं?"

"हो, काकू."

"महाराजानं मले गावासमोर खोटं पाडलं. तू मले माह्याच डोळ्यात खोटं पाडलं."

त्रिशूळ खाली ठेवून त्या निघून गेल्या.

पोलीस आले. महाराज आणि शालिग्राम जीपमध्ये बसले. मीही माझा जबाब लिहून दिला. डाळ पुरवठादारानेच कमी टाकली होती, हे नंतर कळलं. गीताबाई पुन्हा कामावर गेल्या. आईशी बोलतात, माझ्याशी नाही. तो त्यांचा हक्क आहे.

माझं सांगणं साधं आहे. चमत्कार दिसला, तर चौरंग उलटा करून पाहा. कोणी उलटू देत नसेल, तर उत्तर तिथेच मिळालं. पिन चिकटताना दिसली, तर स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा, समोरचा कितीही शिकलेला असो. आणि ज्याला आतलं माहीत आहे, त्याने त्याच दिवशी बोलावं. मी सात दिवस गप्प होतो. त्या सात दिवसांत एक निर्दोष बाई उपाशीपोटी स्वतःचं पाप शोधत बसली होती.