हाडफोड्यावरचा आळ

वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते, तोच कारणनिश्चिती कार्यालयातून निरोप आला, की तुमच्या वडिलांचा गुन्हेगार सापडला आहे, ओळख पटवायला या.

मुलीला वाटलं, काहीतरी गफलत आहे. वडील गच्चीच्या जिन्यावरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं, त्यांनी अंथरूण धरलं आणि त्यातच ते गेले. यात गुन्हेगार कुठून आला? पण काकांनी तोवर चपला घातल्यासुद्धा.

"मी म्हणतच होतो," काका म्हणाले, "दादा असा आपोआप पडणारा माणूस नव्हता."

कार्यालयात साहेबांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर पक्षी बसला होता. चांगला थोराड, छाती पांढरी, डोळ्यांवरून मागे गेलेला तपकिरी पट्टा, एका पायाला दोरी, आणि दुसऱ्या पंजात अर्धा खाल्लेला मासा. माशाचं पाणी गळत होतं, म्हणून शिपायाने खुर्चीखाली बादली ठेवली होती.

"हाच ना?" साहेबांनी विचारलं.

"हा म्हणजे कोण?"

"आरोपी. तुमच्या वडिलांचं काय मोडलं? हाड. या मासेमार घारीच्या इंग्रजी नावाचं मूळ काय? हाडफोड्या. आमच्या लोकांनी स्वतः कोशात बघितलंय. आता आणखी काय हवं?"

"नावातच कबुली दिलीय मेल्याने!" काका म्हणाले.

"शिवाय," साहेब म्हणाले, "याचं घरटं तुमच्या गच्चीसमोरच्या दिव्याच्या खांबावर. वडील गच्चीवर कशाला जायचे? यालाच बघायला."

हे मात्र खरं होतं. वडिलांनी जन्मभर दुकानदारांचे तराजू दुरुस्त केले होते. निवृत्त झाल्यावर वजन करायला काही उरलं नाही, तेव्हा ते या पक्ष्याचे मासे नजरेने तोलू लागले. रोज संध्याकाळी मुलीला फोन यायचा. "आज पाऊण किलोचा होता. नेताना माशाचं तोंड पुढे धरलं होतं, वारा कापायला. अक्कल बघ." ती कोशाची मुद्रितं तपासत असायची, हं हं म्हणायची. आता संध्याकाळी फोनकडे पाठ करून बसायची तिला सवय करावी लागत होती.

"तुम्ही फक्त हो म्हणा," साहेब म्हणाले. "घरटं उतरवतो, याला तडीपार करतो, प्रकरण बंद. माणसाला बरं वाटतं. परवाच एकांनी मांजर ओळखलं, रडत आले होते, हसत गेले."

मुलीने पक्ष्याकडे पाहिलं. पक्ष्याने तिच्याकडे पाहिलं. पिवळे डोळे, त्यांत ना लाज ना दया. आणि क्षणभर तिला खरंच बरं वाटलं. इतके दिवस आत नुसता फिरत असलेला राग टेकायला कुठेतरी जागा मिळाली. एक शब्द उच्चारायचा आणि रात्री झोपायचं. 'हो' ओठांवर आलंसुद्धा होतं.

"ते नाव त्याचं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"हाडं फोडणारा वेगळाच. गिधाडाच्या जातीतला, डोंगरातला. हाड उंचावर नेतो, खडकावर टाकतो, फुटलं की आतलं खातो. ते जुनं लॅटिन नाव त्याचं असावं. बोलता बोलता लोकांनी ते याच्या गळ्यात मारलं. याने उभ्या जन्मात माशाच्या काट्यापलीकडे काही मोडलेलं नसेल."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे दुसऱ्याच्या नावावर राहतो? हा तर वेगळा गुन्हा झाला."

"त्या डोंगरातल्याला बोलावू का?" शिपायाने विचारलं.

"अडकवा!" काका म्हणाले. "दोघांनाही अडकवा!"

"काका, तो डोंगर सोडून आपल्या जिन्यावर कशाला येईल?"

"नाव दिलंय ना त्याला? मग यायला काय झालं?"

साहेबांनी हात वर केला. "बाई, सरळ सांगा. कोणी केलं?"

"कोणीच नाही."

"पूर्ण नाव सांगा."

"अहो, कुणी केलं नाही."

"म्हणजे फरार," साहेब शिपायाला म्हणाले.

"फरार नाही, साहेब. नाहीच. त्यांचा पाय घसरला."

पक्ष्याने मासा ओरबाडला.

"दादाचा पाय घसरायचा नाही," काका म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज चढला नाही.

"घसरला, काका. जिना कोरडा होता, उजेड होता, चप्पल धड होती. तरी घसरला. मी तो जिना रोज बघून येते. तिथे काही नाहीये."

"एवढ्याशा कारणावर आमचं भागत नाही," साहेब म्हणाले.

"माझंही भागत नाही."

साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग त्यांनी शिपायाला खूण केली, "सोड त्याला."

शिपायाने पक्ष्याच्या पायातली दोरी सोडली, खिडकी सताड उघडली, हुश् हुश् केलं. पक्षी हलेना. त्याचं खाणं व्हायचं होतं. तेव्हा साहेब उभे राहिले, शिपाई उभा राहिला, मुलगी उभी राहिली, आणि सगळे एखाद्या मोठ्या पाहुण्याचं जेवण आटोपायची वाट बघावी तसे थांबले. सगळ्यांत मागे उभे असलेले काका तेवढ्यात, कुणावर काही न ढकलता, पहिल्यांदाच रडू लागले.

मुलीने दुसरी खुर्ची त्यांच्यामागे सरकवली. शिपायाने टेबलावरचा पंखा त्यांच्याकडे वळवला.