दोराच्या टोकाला मावशी

"किती जण आहात?" हात न थांबवता मावशींनी विचारलं.

"आठ," कप्तान म्हणाली.

"गेल्या वर्षी अकरा होते. तेही तोंडावर आपटले."

"आम्ही नाही आपटणार."

"असं तेही म्हणाले होते." मावशींनी ब्रश परीक्षानळीतून बाहेर काढला, नळी उजेडात धरून बघितली आणि स्टँडला लावली. मग हात पुसत आतल्या खोलीत गेल्या आणि खुंटीवरचा दोर खांद्यावर घेऊन आल्या. टेबलावर तो ठेवला तेव्हा स्पिरिटचे दिवे किणकिणले.

निरोपाच्या आदल्या दिवशी दहावीच्या वर्गाने प्रयोगशाळेत येऊन दोर मागायचा, अशी या शाळेची पद्धत होती. नुसता मागून मिळत नसे. एकेकाने त्याच्यावर हात ठेवून "ओढून नेऊ" म्हणायचं आणि मावशींनी "बघू" म्हणायचं. हे कोणी सुरू केलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. शाळा इतकी लहान होती की तिथे एखादी गोष्ट लागोपाठ दोनदा घडली की तिची परंपरा व्हायची. सहा खोल्या, एक मैदान, नव्वद पोरं, आणि भूगोल शिकवणाऱ्यानेच गाणंही शिकवायचं, असा सगळा कारभार.

आठही जणांनी हात ठेवले. सगळ्यात शेवटी कप्तानने. ती वर्गाची प्रमुख, काडीसारखी बारीक, पण नजर अशी की शिक्षकसुद्धा फळ्यावर लिहिलेलं पुन्हा तपासून बघायचे. तिने मावशींच्या डोळ्यांत बघत सांगितलं, "ओढून नेऊ."

"बघू," मावशी म्हणाल्या. पोरं दोर उचलून हसत, धक्काबुक्की करत पळाली.

दहावीची जेवढी मुलं, तेवढीच शाळेतली मोठी माणसं, अशी ही रस्सीखेच असायची. मोठ्यांच्या बाजूला दोराच्या अगदी टोकाला, कमरेला वेढा घेऊन, मावशी. मावशी शाळेत लागल्यापासूनच्या एकोणीस वर्षांत दहावी एकदाही जिंकली नव्हती. मावशी तशा काही धिप्पाड नव्हत्या. ठेंगण्या, रुंद, पाय जड. विज्ञानाचे सर म्हणायचे, सगळ्यांचा गुरुत्वमध्य पोटात असतो, आमच्या मावशींचा जमिनीखाली आहे.

खरी गोष्ट मावशींनी कोणाला सांगितली नव्हती. त्या ओढतच नसत. पाय रोवायचे आणि वाट बघायची. पोरं आरडाओरडा करत ओढतात, ओरडून दम जातो, दम गेला की कोणीतरी हसतं. तेवढ्यात एक पाऊल मागे. मग दुसरं. संपलं.

एरवी वर्षभर त्यांच्या वाट्याला "मावशी, चावी" आणि "मावशी, नळी फुटली" एवढंच यायचं. पण कधी बाजारात एखादा मिशीवाला बाप्या कडेवर पोर घेऊन समोर यायचा आणि बायकोला सांगायचा, "ह्याच त्या. आमच्या बारा जणांना लोळवलं होतं ह्यांनी." बायको डोळे मोठे करून बघायची. मावशींना त्यानंतर आठ दिवस भांडी घासतानाही गाणं सुचायचं.

त्या दिवशी शाळा सुटताना हेडसरांनी त्यांना बोलावलं. हेडसर याच वर्षी आलेले. माणूस भला.

"बसा, मावशी. उद्याचं जरा बोलायचं होतं. पोरांना जिंकू द्या."

मावशींना वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "म्हणजे कसं, सर?"

"शेवटी शेवटी जरा सैल सोडा दोर. एकोणीस वर्षं हरतायत बिचारी. शाळेतला शेवटचा दिवस, हसत घरी जाऊ देत. आईवडील येणार, पाहुणे येणार."

"आणि त्यांना कळलं तर?"

"कसं कळेल? तुमच्या-माझ्यात राहील."

वाईट माणूस असता तर मावशींनी तिथल्या तिथे त्याला सुनावलं असतं. भल्या माणसाला काय बोलणार? त्या "बघू" म्हणाल्या आणि निघाल्या.

जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा आणि जगातल्या बहुतेक अडचणी नट ढिला केला की सुटतात असं त्याचं मत होतं.

"सोड की मग," तो म्हणाला. "तुझ्या बापाचं काय जातंय?"

"माझी एकोणीस वर्षं जातात."

"हेडसर स्वतः म्हणतायत ना?"

"ती पोरगी दोराला हात लावून माझ्या डोळ्यांत बघत होती. तिला काय खोटं खोटं जिंकवू? लहान बाळाला पत्त्यात जिंकवतात तसं?"

"मग ओढ."

"ओढणारच आहे."

"मग मला कशाला विचारतेस?"

"तुम्हाला कोण विचारतंय? सांगतेय नुसतं," मावशी म्हणाल्या आणि त्याच्या ताटात न मागता आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदान नुसतं उसळत होतं. लहान वर्ग भिंतीवर ओळीने बसून पत्र्याचे डबे बडवत होते. आईबाप कुंपणाला टेकून उभे. पीटीच्या सरांनी फक्कीची पांढरी रेघ मारली होती आणि तिच्यावरून कोणी चाललं की ते शिट्टी फुंकत होते. दोराच्या मधोमध लाल रुमाल बांधला होता. मोठ्यांच्या बाजूला विज्ञानाचे सर, इंग्रजीच्या बाई, कारकून अशी सात जणांची रांग लागली, आणि टोकाला मावशींनी कमरेला वेढा घेतला. भिंतीवरून "मावशी, मावशी" असा घोष सुरू झाला तशा त्यांच्या दंडात मुंग्या आल्या. सकाळपासून हेडसरांचे शब्द डोक्यात घोळत होते, ते त्या क्षणी कुठल्या कुठे गेले.

समोरच्या बाजूला कप्तान सगळ्यांत पुढे होती. टोकाला 'गोदाम' नावाने ओळखला जाणारा मुलगा. गंमत म्हणजे आठही जण गप्प होते.

शिट्टी वाजली. मोठ्यांनी ओढलं. पोरांनी टाचा रोवल्या आणि खाली बसल्यासारखी झाली. त्यांनी ओढलंच नाही. कोणी ओरडलं नाही, कोणी हसलं नाही. रुमाल रेघेवर थरथरत राहिला.

मावशी वाट बघत राहिल्या. पोरंही वाट बघत राहिली.

हळूहळू डबे थांबले. भिंतीवरची पोरं पुढे वाकून बघायला लागली. मावशींच्या पुढचा कारकून धापा टाकायला लागला. त्याच्यापुढे इंग्रजीच्या बाईंना हसू फुटलं, आणि मावशींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या पोरांनी भिंतीवर बसून आपल्याला दोन वर्षं नीट बघितलंय. आपलंच शस्त्र आपल्यावर चालवतायत. त्यांना राग यायला हवा होता, पण आला तो आनंद, इतका की छाती भरून आली. एकोणीस वर्षांत हे कोणाला दिसलं नव्हतं.

मग मात्र त्यांना आयुष्यात पहिल्यांदा ओढावं लागलं. त्यांनी दात आवळले आणि सगळं अंग मागे टाकलं. रुमाल वीतभर त्यांच्याकडे आला. भिंतीवरून एकच गिल्ला झाला. गोदामचा चेहरा लालबुंद, कप्तानच्या मानेच्या शिरा टरारल्या, पण पोरांची रांग मोडली नाही. मावशींनी आणखी जोर केला. दोर हातातून सरकतोय हे त्यांना कळत होतं. त्यांनी मूठ आणखी आवळली.

"आता," कप्तान म्हणाली. एवढंच, तेही हळू.

आठ पावलं एकदम मागे पडली. मग पुन्हा आठ. मावशींच्या टाचांनी मातीत दोन चर काढले. विज्ञानाचे सर रेघ ओलांडून गेले, बाई गेल्या, कारकून आडवा झाला, आणि सगळ्यांच्या मागून मावशी बसल्या बसल्या घसरत पलीकडे पोचल्या.

मैदानावर नुसता कल्ला झाला. पोरं एकमेकांच्या अंगावर कोसळली, गोदाम चक्क रडत होता, भिंतीवरून लहान वर्ग धपाधप उड्या मारत आला. कप्तान दोर गळ्यात घालून गोल गोल फिरत होती.

तेवढ्यात माइकवर हेडसरांचा आवाज आला. 'तुमच्या-माझ्यात राहील' हे आनंदाच्या भरात ते पार विसरले होते. "आज आपल्या मावशींनी मोठ्या मनाने मुलांना हा आनंद दिला. त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या."

कुंपणाशी उभे असलेले आईबाप समजुतीने हसले. कोणीतरी म्हणालं, "वाटलंच." टाळ्या वाजल्या.

कप्तान फिरायची थांबली. तिचं हसू तसंच राहिलं होतं, पण त्यात आता काही उरलं नव्हतं. ती मावशींपाशी आली.

"तुम्ही दोर सोडलात?"

मावशी मातीतून उठल्या. सरळ माइककडे चालत गेल्या. एकोणीस वर्षांत या माइकच्या वायरी त्यांनी अनेकदा गुंडाळून ठेवल्या होत्या, पण त्यावर त्या कधीच बोलल्या नव्हत्या. हेडसर बाजूला सरकले.

"सरांचा गैरसमज झालाय," त्या म्हणाल्या. माइक किंचाळला तशा त्या दचकल्या, पण मागे हटल्या नाहीत. "मी सोडला नाही. जीव खाऊन ओढला. या पोरांनी मला हरवलं."

विश्वास ठेवावा की नाही हे लोकांना ठरवता येत नव्हतं.

मग मावशींनी दोन्ही तळवे सगळ्यांसमोर धरले. बोटांच्या मुळाशी कातडी सोलून निघाली होती आणि रक्त मनगटापर्यंत उतरलं होतं. पुढच्यांना ते दिसलं. मागे कुंपणाशी उभे असलेल्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी हात आणखी वर केले.