दारावरच्या दिव्याची एकतीस तारीख

मी दिवा बोलतोय. देव्हाऱ्यातला नव्हे, आणि चर्चमधला तर मुळीच नव्हे. कॅनडातल्या ब्रॅम्पटनमधल्या एका जुन्या घराच्या पुढच्या दारावर भिंतीला ठोकलेला, काळ्या पत्र्याचा आणि चार काचांचा साधा दिवा. एका काचेला तडा गेलाय. आत मेलेल्या माश्या पडल्या आहेत, त्या कुणी काढत नाही.

वर्षभर माझं कुणाला काही पडलेलं नसतं. अंधार पडला की लावतात, झोपताना विझवतात. पण ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला अख्ख्या घराचा धर्म माझ्या बटणावर येऊन बसतो. त्या संध्याकाळी इथली पोरं भुतं, चेटकिणी, वाघ-सिंह होऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात. हॅलोविन म्हणतात त्याला. दारावरचा दिवा लागलेला असेल तर ‘या’, विझलेला असेल तर ‘येऊ नका’. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण चार वर्षांच्या पोरालाही तो ठाऊक असतो. मला लावायचं की नाही यावरून मी माणसं भांडताना पाहिली आहेत, रुसताना पाहिली आहेत. खरं सांगतो, मी थकलोय.

मला इथं बसवलं मिसेस मेडेरोसच्या नवऱ्यानं. मंडळी पोर्तुगालची, कॅथलिक. नवरा लवकर गेला, बाई एकटी राहिली. दर ऑक्टोबरात ती पायरीवर जुना पेपर पसरून भोपळा घेऊन बसायची. वरचं झाकण कापायची, आतला गर खरवडून काढायची, बिया मीठ लावून भाजायला ठेवायची आणि मग डोळे, नाक, दात कोरून आत मेणबत्ती लावायची. एकतीसला मी लागलेला असायचो आणि माझ्याखाली तो भोपळा दात विचकत बसलेला असायचा. दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण, बाई काळा कोट घालून चर्चला जायची. तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या कबरीवर मेणबत्ती लावून यायची. शेजारणीनं एकदा विचारलं, तुमच्या देवाला हे चालतं का? तर म्हणाली, “मेलेली माणसं आपलीच ना? त्यांना काय भ्यायचं?”

ती गेल्यावर डी व्रीस कुटुंब आलं. मूळचे हॉलंडचे, कडक प्रोटेस्टंट. एकतीस ऑक्टोबर हा त्यांच्या लेखी चर्चच्या सुधारणेचा दिवस, भुताखेतांचा नव्हेच. पायरीवर भोपळे तेही मांडायचे, पण अख्खे. देवानं दिलेल्या पिकाला माणसानं तोंड कशाला काढायचं, असं म्हणायचे. पहिल्या वर्षी त्यांनी मला लावलं आणि येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातावर एक टॉफी आणि एक धर्माचं पत्रक ठेवलं. पोरांनी टॉफ्या खाल्ल्या. पत्रकं महिनाभर पुढच्या गवतावर भिजत पडली होती. दुसऱ्या वर्षापासून माझं बटण बंद.

दोन्ही घरं देवभीरू, जेवणाआधी हात जोडणारी. एकानं देवाचं नाव घेऊन मला लावलं, दुसऱ्यानं देवाचंच नाव घेऊन विझवलं. मी कुणाला काय बोलणार!

नऊ वर्षांपूर्वी साळवे आले. नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती. देवदत्त वेअरहाऊसमध्ये दुपारच्या शिफ्टला, त्याची बायको सुनेत्रा दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला. त्यांची जाई तेव्हा वर्षाची होती. ही मंडळी चॉकलेटची एक पिशवी आणायची, मला लावायची आणि पिशवी संपली की विझवायची. ना धड हो, ना धड नाही. मला तेही चालत होतं.

तीन वर्षांपूर्वी देवदत्तचे वडील आले. जनार्दन साळवे. चाळीस वर्षं गावोगावच्या चर्चमध्ये पाळक होते. बायको वारली म्हणून मुलानं इकडं आणलं. इथल्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, सगळे त्यांना अजून पाळकसाहेब म्हणतात. माणूस फार प्रेमळ. पोस्टमनलाही थांबवून हवापाणी विचारतो. पण पहिल्याच ऑक्टोबरात समोरच्या घरावर टांगलेला प्लास्टिकचा सांगाडा पाहिला आणि चेहरा उतरला. त्या वर्षीपासून एकतीसला मी सहाच्या ठोक्याला बंद व्हायला लागलो. सगळं घर बेसमेंटमध्ये जायचं. मोबाईलच्या उजेडात स्तोत्रं म्हणायची, मग पिझ्झा खायचा. वरती पोरांचे पाय वाजले की आवाज खाली आणायचा.

यंदा मात्र जाईनं शाळेतून भोपळा आणला. वर्गात सगळ्यांनी मिळून कोरले होते. हिच्या भोपळ्याचे डोळे तिरके आणि तीन दातांपैकी एक मोडका. दोन्ही हातांनी पोटाशी धरून तिनं तो आणला आणि माझ्याखाली पायरीवर ठेवला, तोंड रस्त्याकडं करून.

अर्ध्या तासानं पाळकसाहेब बाहेर आले. भोपळ्याकडं पाहिलं. वाकले, गुडघ्यावर हात ठेवून हळूच त्याचं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि आत गेले. मग जाई आली, तिनं ते पुन्हा रस्त्याकडं फिरवलं. दोन दिवस हेच. दिवसातून चारदा भोपळा फिरतोय आणि वरून मी बघतोय. वैताग आला मला.

सुनेत्राही वैतागली होती. तीस तारखेला कामावरून आली ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून सासऱ्यांना म्हणाली, “पप्पा, आज दोन दिवस ती तुमच्याशी बोलत नाहीये. तुम्हाला भोपळा नको असेल तर तसं सांगा तिला. नुसता फिरवून काय होणार?”

“मंडळीतल्या शोभाबाईंचा मेसेज आलाय सुनेत्रा. दिवे बंद ठेवा, दारं बंद ठेवा, प्रार्थनेत राहा म्हणून. सगळ्या मंडळीला पाठवलाय.”

“शोभाताई दरवर्षी पाठवतात. तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते सांगा ना जाईला.”

मग त्यांनी नातीला बोलावलं. दोघं पायरीवर बसले, मध्ये तो भोपळा. पाळकसाहेब बोलायला लागले आणि मी पहिल्यांदा नीट ऐकलं, कारण हे मेसेजमधलं नव्हतं.

“माझे वडील, धोंडिबा. गावात कुणाला ताप आला, गुरं मेली, की लोक म्हणायचे पीडा लागली. मग एक कोहळा आणायचे. त्याला कुंकू लावायचे, काजळानं डोळे काढायचे, आजाऱ्यावरून ओवाळायचे. आणि तो कोहळा गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायचं काम आपल्या घराकडं. दुसरं कुणी हात लावायचं नाही. गावाची पीडा आपण वाहायची, आणि वाहून नेली म्हणून गावानं आपल्याला शिवायचं नाही. कळतंय का बाळा?”

“काइंड ऑफ,” जाई म्हणाली.

“एकदा माझी थोरली बहीण तापानं गेली. लोक म्हणाले, धोंडिबानं वाहिलेली पीडाच तिला लागली. त्यानंतर वडील ख्रिस्ती झाले. पुढच्या वेळी कोहळा आणून दिला तर त्यांनी तो उचलला नाही. म्हणाले, माझा देव मोठा आहे, मी याला भीत नाही आणि वाहतही नाही. मार खाल्ला त्यांनी त्यापायी. आणि आता मी, त्यांचा मुलगा, माझ्याच दारात डोळे काढलेला भोपळा मांडू?”

जाईनं भोपळ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, “बट इट्स जस्ट अ पम्पकिन, आजोबा. आय मेड इट.” आणि उठून आत गेली. म्हातारा तिथंच बसून राहिला. त्याचं दुःख खरं होतं आणि पोरीचंही खरं होतं. भोपळा तेवढा भिंतीकडं तोंड करून होता.

एकतीसला सुनेत्रानं सहा वाजता मला विझवलं. देवदत्त कामावर होता. जाई बेसमेंटमध्ये जायला तयार होईना. दाराच्या बाजूच्या उभ्या काचेतून मला ती दिसत होती, जिन्याच्या खालच्या पायरीवर गुडघ्यांत हनुवटी खुपसून बसलेली. पाळकसाहेब तिच्यासमोर भिंतीला टेकून उभे, बायबल बगलेत. सुनेत्रा मधेच एकदा ‘चला ना खाली’ म्हणाली आणि मग तीही थांबली.

रस्त्यावर गर्दी झाली होती. चेटकिणींनी काळ्या झग्यावर थंडीची जाकिटं चढवली होती. एक मधमाशी झालेलं पिल्लू, असेल तीनेक वर्षांचं, आमच्या वाटेनं दुडुदुडु यायला लागलं. त्याच्या बापानं मागूनच हाक मारली, “नो, बडी. लाइट्स ऑफ. नोबडी होम.” पोर थबकलं, माझ्याकडं पाहिलं आणि मागं फिरलं.

आत ते स्वच्छ ऐकू गेलं. जाईनं मान वर केली.

“आजोबा, युअर डॅड वॉजन्ट स्केअर्ड ना? तुम्हीच सांगितलं. देन व्हाय आर वी हायडिंग?”

पाळकसाहेबांनी बंद दाराकडं पाहिलं. गावोगावी ते पाळकाच्या घरात राहिले, आणि त्या घरांना रात्री-अपरात्री कडी नसायची, असं तेच नेहमी सांगतात. त्यांच्याच दाराबद्दल कुणीतरी नुकतंच म्हणालं होतं, आत कुणी नाही.

त्यांनी बायबल जिन्यावर ठेवलं. भिंतीकडं गेले. बटण दाबलं.

मी लागलो नाही.

वीज माझ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. बल्बची तार तुटली होती. सुनेत्रानं सहाला मला विझवलं तेव्हाच तुटली असावी. जुना बल्ब, कधीतरी जाणारच. पण वेळ साधली ती नेमकी हीच. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मग हात खाली आला. चेहरा पांढरा पडला होता.

“प्रभूची इच्छा नाही,” ते हळू म्हणाले. “बघितलंस सुनेत्रा? त्यानंच थांबवलं मला.”

मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, त्याचा काही संबंध नाही, माझा बल्ब गेलाय! इतकी वर्षं माणसांनी माझ्या उजेडाला अर्थ लावले, आता माझ्या अंधारालाही लावणार?

“पप्पा,” सुनेत्रा म्हणाली. आवाज थकलेला होता, पण चिडका नव्हता. “बल्ब गेलाय हो.”

ते तसेच उभे राहिले. बघता बघता त्यांचे कान लाल झाले. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडताहेत. थोडं रडलेही असतील, पण हात काढले तेव्हा चेहऱ्यावर शरमिंदं हसू होतं.

“धोंडिबाचा पोरगा,” ते म्हणाले, “आणि बटणात शकुन बघतोय. वडील असते तर कानाखाली वाजवली असती. जाई, मेणबत्ती कुठंय?”

वीज गेली तर असाव्यात म्हणून आणलेल्या मेणबत्त्या स्वयंपाकघरात होत्या. पाळकसाहेब स्वेटरवरच बाहेर आले, थंडीत वाकले आणि भोपळ्याचं तोंड रस्त्याकडं केलं. झाकण उचललं, मेणबत्ती आत उभी केली. दोन काड्या वाऱ्यानं विझल्या. तिसऱ्या काडीला जाईनं दोन्ही हातांचा आडोसा धरला. तिरक्या डोळ्यांतून उजेड बाहेर आला, मोडक्या दाताचा आकार पायरीवर उमटला. म्हातारा त्याच्याकडं बघत राहिला.

मग धावपळ. घरात चॉकलेट नावालाही नव्हतं. पाळकसाहेबांनी आपल्या कपाटातला चिक्कीचा डबा आणला, तर सुनेत्रा ओरडली, “पप्पा, शेंगदाणे नको! ॲलर्जी असते इथं पोरांना!” शेवटी जाईच्या डब्यासाठी आणलेली चिप्सची छोटी पाकिटं निघाली. अकरा पोरं आली. पाळकसाहेबांनी प्रत्येकाचं नाव विचारलं आणि प्रत्येकाला ‘गॉड ब्लेस’ म्हणाले. एका सांगाड्याच्या डोक्यावर हातही ठेवला. मधमाशी काही परत आली नाही. ते दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन बघून आले.

त्या रविवारी शोभाताई आल्या. गाडीतून उतरल्या आणि पायरीपाशीच थांबल्या. भोपळा अजून तिथंच होता, जरा खचलेला, झाकण आत पडलेलं.

“सलाम, पाळकसाहेब,” त्या मंडळीच्या रिवाजानं म्हणाल्या. “हे काय? तुमच्या दारात?”

“सलाम, शोभाबाई. घर अंधारात होतं. आत माणसं आहेत हे लोकांना कळायला नको?”

शोभाताईंना पटलं की नाही, मला माहीत नाही. त्यांचे ओठ आवळलेलेच होते. पाळकसाहेबांना ते दिसलं आणि लागलंही, कारण मंडळीत आता काय बोललं जाईल हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी भोपळा पायानं बाजूला सारला नाही. शोभाताईंनी मग वर माझ्याकडं बोट केलं.

“आणि हा दिवा का बंद?”

मी श्वास रोखला, दिव्याला जमेल तेवढा.

“त्याचा बल्ब गेलाय,” जनार्दन साळवे म्हणाले. “चला आत, चहा घेऊ.”

इतक्या वर्षांत माझ्याबद्दल एवढं साधं आणि खरं कुणी बोललं नव्हतं. आता नोव्हेंबर संपत आला, पहिला बर्फ पडून गेला. भोपळा कचऱ्याच्या हिरव्या डब्यातून गेला, आणि जाई रोज शाळेतून आली की आजोबांना वर्गातलं सगळं सांगते. मी अजून तसाच, अंधारात. तक्रार नाही. पुढच्या एकतीसला मला लावा किंवा नका लावू, तुमचं तुम्ही ठरवा. एवढंच मागतो, की जे ठरवाल ते न भिता ठरवा. आणि जमलंच तर कुणीतरी बल्ब बदला. स्टूल बेसमेंटमध्येच आहे.